‘माझा विश्वास आहे की…’ (आणि पुढे कागद कोरा)

चाफेकळी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे, सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातले सातआठ जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणातरी एकाच्या घरी जमतो आणि काहीतरी मोठ्याने वाचतो. भिशी नाही, महिला मंडळ नाही (दोन काकाही येतात). पोहे, चहा, वाचन, साडेबाराला आपापल्या घरी. गेल्या खेपेला त्यातल्या एका काकांनी ‘धिस आय बिलीव्ह’ या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमातले निबंध छापून आणले होते. माहीत नसलेल्यांसाठी: १९५१ मध्ये एडवर्ड मरो या पत्रकाराने सीबीएस रेडिओवर हा कार्यक्रम सादर करायला घेतला. जेमतेम पाच मिनिटांचा. माणसाने यायचं आणि आपण कशाच्या आधारावर जगतो ते सांगून जायचं. एलेनॉर रूझवेल्ट, हेलन केलर, बेसबॉलवाला जॅकी रॉबिन्सन हे तर बोललेच, पण कुणाला ठाऊक नसलेली साधी माणसंही बोलली. पुढे २००५ ते २००९ एनपीआर या तिथल्या सार्वजनिक रेडिओने तो पुन्हा चालवला, तेव्हा श्रोत्यांकडूनच निबंध मागवले. अटी अशा की मजकूर पाचेकशे शब्दांत बसवा, उपदेश नको, स्वतःवर गुदरलेलं लिहा, आणि कशावर विश्वास नाही ते सांगू नका, कशावर आहे ते सांगा.

आम्ही एका बैठकीत बारा निबंध वाचले. ही चूक झाली. पहिल्या तीन निबंधांना डोळे ओले झाले. सहाव्याला पोह्यांचा वास यायला लागला. दहाव्याला दिवाळीच्या चौथ्या दिवशी चकलीकडे बघून जसं होतं तसं झालं. एक मैत्रीण म्हणाली, “गोष्ट लावलेले सुविचार आहेत गं हे.” मला ते पटेना, पण खोडताही येईना.

एक मात्र डोक्यातून जात नाहीये. २००५ मधला, एका वकील बाईंचा. अंत्यविधीला नेहमी जायचं, एवढाच तिचा विश्वास. सोळा वर्षांची असताना पाचवीच्या गणिताच्या बाई वारल्या. हिला जायचं नव्हतं. वडील म्हणाले, जायचं म्हणजे जायचं. ते बाहेर थांबले, ही एकटी आत गेली. बस.

आता पुढच्या महिन्याचा गृहपाठ असा की प्रत्येकाने स्वतःचा लिहून आणायचा. पंधरा दिवस झाले. ‘माझा विश्वास आहे की’ एवढं लिहिते आणि पुढे जे सुचतं ते लग्नपत्रिकेवर छापावं असलं काहीतरी. तुम्ही असलं वाचता का? त्यातून काही मिळतं का? आणि लिहायचं कसं?

---

आगाऊ_कार्टा | ९:४४

मी पहिला! माझा विश्वास आहे की धागा शंभरी गाठणार.

---

दशमान | ९:५८

मैत्रिणीशी सहमत. गोष्ट लावलेले सुविचारच.

ऐरोलीला ज्या कंपनीत होतो तिथे एकदा सगळ्यांना कर्जतच्या रिसॉर्टवर नेलं आणि ‘माझं जीवनमूल्य’ पाच ओळींत लिहायला लावलं. बत्तीस जण होतो. एकोणतीस जणांनी ‘इंटेग्रिटी’ लिहिलं. एकाने ‘फॅमिली’, एकाने ‘क्रिकेट’, आणि मी काहीच नाही, कारण पेन चालत नव्हतं. पुढच्याच आठवड्यात खोट्या टॅक्सीबिलांबद्दल सगळ्यांना कडक मेल आला. तेव्हापासून कुणी ‘आय बिलीव्ह’ म्हणालं की मी पाकीट चाचपतो.

---

आगाऊ_कार्टा | १०:०१

क्रिकेटवाला सोडून बाकी सगळे खोटारडे. त्याचा सत्कार करा.

---

प्रा_फळा | १०:३५

वाशीच्या एका शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे सुविचार या विषयावर माझा अधिकार मोठा आहे, कृपया वाद घालू नये.

फळ्यावर रोज सुविचार लिहायची पाळी हजेरीपटाप्रमाणे असे. मुलं घरून कॅलेंडरच्या मागून काहीतरी उतरवून आणत. ‘सदा सत्य बोलावे’ वर्षात किमान अकरा वेळा. एकदा आठवीतला एक पोरगा वही विसरला. घंटा झाली, मी दारात. त्याने घाईघाईत रंगीत खडूने लिहिलं: ‘उद्या गॅदरिंगचे पैसे आणणे.’ आणि खाली नेहमीसारखी वळणदार रेघ ओढून ‘आजचा सुविचार’. मी तो पुसू दिला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एकूण एक मुलाने पैसे आणले. ‘सदा सत्य’चा असा परिणाम कधी पाहिला नाही.

तर मुद्दा. ‘सत्य बोलावे’ या वाक्याला कर्ता नाही. कोणी बोलावे? कुणासमोर? बोलल्यावर काय झालं, नोकरी गेली की नुसता चहा गेला? चाफेकळीताईंनी सांगितलेल्या निबंधात एक सोळा वर्षांची मुलगी आहे, बाहेर थांबलेले वडील आहेत, आणि आत जायचं टाळणारे तिचे पाय आहेत. त्याला सुविचार म्हणणं अन्यायाचं आहे. दशमान, तुमच्या एकोणतीस जणांकडे कर्ताच नव्हता.

---

निरीश्वर | १०:५०

‘कशावर विश्वास नाही ते सांगू नका’ ही अट मला खटकली. म्हणजे नास्तिकांनी उंबऱ्याबाहेरच थांबायचं. छान.

---

ठाणेकरीण | ११:०५

@निरीश्वर, तसं नाही हो. याच कार्यक्रमात २००५ साली पेन जिलेट या जादूगाराने ‘देव नाही’ असाच निबंध वाचला होता. त्याने अट मोडली नाही, वाकवली. ‘मी देव मानत नाही’ असं न म्हणता ‘देव नाही असं मी मानतो’ म्हणाला, आणि मग त्यातून आपल्याला काय मिळतं ते सांगत गेला. वरून क्षमा करणारं कुणी नाही, तेव्हा माझ्या चुका पोटात घालायच्या त्या आजूबाजूच्या माणसांनीच. म्हणून त्यांच्याशी नीट वागलं पाहिजे, असं काहीसं. मी रोज कोपिनेश्वराला हात जोडणारी बाई आहे, तरी मला तो आवडला.

---

निरीश्वर | ११:०९

हे रोचक आहे. शोधतो. माघार नाही, पण बसून घेतो.

---

व्यवस्थापक | ११:१५

श्रद्धा-अंधश्रद्धेचा आखाडा वेगळ्या धाग्यावर चालू आहे, तिथे भरपूर जागा आहे. इथे निबंधांबद्दल बोलू या.

---

बोरकूट | सोमवार, सकाळी ७:२०

मला वाटतं ताईंचा कागद कोरा राहतोय त्यात थोडा दोष ‘विश्वास’ या शब्दाचा आहे. मराठीत आपण विश्वास माणसावर ठेवतो, नाहीतर बँकेवर. श्रद्धा देवावर. भरवसा पावसावर नसतो. मग ‘बिलीव्ह’साठी रोज काय बोलतो? ‘मानतो’ म्हणतो, पण त्याला लगेच देवघराचा वास येतो. ‘देव मानतोस का’, ‘शनिवार मानतोस का’.

माझ्या मते खरा शब्द ‘पटणं’ आहे. ‘मला पटतं.’ यात मी काही करतच नाही, ती गोष्टच येऊन मला पटते. आणि पटायला वेळ लागतो. आई पंचवीस वर्षं सांगत होती, मला पटलं ती गेल्यावर. ‘माझा विश्वास आहे’ म्हटलं की माणूस माइकसमोर उभा राहतो. ‘मला पटलंय’ म्हटलं की तोच माणूस ओट्याला टेकून बोलतो.

---

प्रा_फळा | ७:४१

बोरकूट, कुठे होतात इतकी वर्षं? माझा मुद्दा मागे घेतो, कर्ता नसला तरी चालेल.

---

शेवटचा_डबा | ९:०२ (गाडीतून)

मला चौथी सीट पटते. नवख्यांसाठी: लोकलचं बाकडं तिघांचं असतं, पण चौथा येतो, तिघे जरा सरकतात आणि तो अर्ध्या मांडीवर टेकतो. नियमात कुठेही नाही. ठाण्याहून दादरपर्यंत मी वीस वर्षं चौथा आहे. कधीकधी तिघांतलाही असतो आणि तेव्हा सरकायचं फार जिवावर येतं. झोपेचं सोंग घेतो. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय. मुलुंड गेलं, पुढचं नंतर.

---

आगाऊ_कार्टा | ९:१०

वरच्या निबंधात गोष्ट आहे, पाप आहे, कबुली आहे आणि मुलुंडही आहे. पाचशे शब्दांची गरज काय!

---

हिंग_मोहरी | दुपारी १:३०

सगळे त्या अंत्यविधीच्या निबंधाला माना डोलावताय, मी जरा मोडता घालते.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. माझ्या आजोबांना मी फाटकापर्यंत पोचवलं आणि पुरुष पुढे गेले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, पगारातून घर चालवणारी. तेव्हा ‘नेहमी जायचं’ हे अर्ध्या घरालाच लागू. अमेरिकेतल्या बाईंना वडिलांनी आत ढकललं. मला काकांनी हाताला धरून मागे ओढलं. असे निबंध वाचताना मला हे नेहमी जाणवतं. ज्याला करायची मुभा होती त्याचाच विश्वास सुंदर दिसतो.

दुसरं, आता घोडबंदर रोडला राहते. एकवीस मजले. सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ गेले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, खाली मात्र पाचजण. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना म्हणून वॉचमन आणि दूधवाल्याने जिन्याने उतरवलं. ग्रुपवर त्या दोघांपैकी एकही नाही.

---

खारीगावकर | २:१५

हिंग_मोहरी, फाटकाचं वाचून गलबललं. मुभेबद्दल पूर्ण सहमत.

पण भेटायला तर सगळेच जातात ना, बायकाही. आमची आजी म्हणायची, सुखाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि दुःखाला बोलावण्याची वाट बघू नये. माझ्या वडिलांना जवाहरबाग स्मशानात नेलं तेव्हा कोण कोण होतं, खरंच आठवत नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाला आला ते आठवतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बाबांचे तीन शर्ट. त्याने दिले, म्हणाला, हे राहिले होते. एकाचं बटण तुटलं होतं तिथे त्याने टाचणी लावलेली. आईने पैसे विचारले. मला वाटलं, नको म्हणेल. नाही. अठरा रुपये, म्हणाला. आईने वीसची नोट दिली, त्याने दोन रुपये परत दिले आणि मग पाच मिनिटं बसला. बाबांनी आयुष्यात कुणाचं बिल राहू दिलं नाही, हे त्या माणसाला आमच्याइतकंच माहीत होतं.

यात विश्वास वगैरे काय आहे मला सांगता येणार नाही.

---

दशमान | २:४०

बरं. हा सुविचार नाही, मान्य.

पण मूळ कार्यक्रमाबद्दलची शंका कायम आहे. काल रात्री थोडं वाचलं. ही कल्पना निघाली १९४९ मध्ये, चार व्यावसायिकांच्या दुपारच्या जेवणात, आणि त्यातला वॉर्ड व्हीलॉक फिलाडेल्फियात जाहिरात एजन्सी चालवायचा. म्हणजे जाहिरातवाला! काळ कोणता, तर शेजाऱ्यावर कम्युनिस्ट म्हणून संशय घ्यायचा. अशा वेळी ‘कशाच्या विरोधात आहात ते बोलू नका, गोड बोला’ ही अट कुणाच्या सोयीची, सांगा बरं.

---

ठाणेकरीण | ३:२०

शंका रास्त आहे, पण तोच मरो १९५४ च्या मार्चमध्ये टीव्हीवर, जिथेतिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या विरोधात उभा राहिला हेही लिहा की. ज्या हवेत माणसं तोंड उघडायला घाबरत होती, तिथे रोज कुणीतरी येऊन ‘मी’ने वाक्य सुरू करत होतं. मला ते गोड वाटत नाही. जेवण कुणी दिलं यावरून पंगतीत बसलेल्यांची परीक्षा कशाला?

---

दशमान | ३:२६

जेवणाचं बिल कुणी भरलं हे बघायची माझी सवय आहे. टॅक्सीबिलांपासूनची. :)

---

गवती_चहा | ४:०५

अवांतर: जेवणाचा विषय निघालाच आहे तर, वाचन साडेबाराला संपवून ही मंडळी मामलेदारला मिसळ खायला का जात नाहीत?

---

चाफेकळी | ४:१२

गवती_चहा, कारण त्यातल्या तिघांना आम्लपित्त आहे. एकदा गेलो होतो. पुढच्या वाचनाला दोघे गैरहजर.

सगळे प्रतिसाद वाचते आहे. हिंग_मोहरी, तुझं वाचून दोनदा फोन खाली ठेवला. लिहिते नंतर.

---

प्रा_फळा | रात्री ८:५०

आता थोडा मास्तरकीचा मोह.

आपल्याकडे असलं लेखन नव्हतं असं नाही. १९३० च्या आगेमागे फडके, काणेकर, खांडेकर यांनी मराठीत लघुनिबंध रुळवला. पण गंमत बघा. तो निबंध कधीही ‘माझा विश्वास आहे’ म्हणत उभा राहिला नाही. छत्रीवर बोलेल, उशिरा आलेल्या गाडीवर बोलेल, आणि जाता जाता तिरक्या वाटेने आपल्या मनातलं सांगून टाकेल. अमेरिकन माणूस आधी विश्वास सांगतो, मग गोष्ट. आपण आधी छत्री उघडतो. (त्या लघुनिबंधाला पुढे फार लाडिकपणा आला आणि लोक कंटाळले, तेही खरं. छत्र्या फार झाल्या.)

माझ्या लहानपणी आकाशवाणीवर सकाळी ‘चिंतन’ लागायचं. वडील दाढी करत ऐकायचे आणि फेस पुसताना म्हणायचे, “याला दाढी करायची नसते वाटतं.” बोलणाऱ्याच्या अंगावर संसाराचा एक डाग दिसत नसे, एवढाच त्यांचा आक्षेप.

तेव्हा चाफेकळीताई, विश्वास वगैरे विसरा. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे जाऊन ते जुने लघुनिबंध चाळा हवं तर. नाहीतर स्वयंपाकघरात जा आणि टाकून देता येत नाही अशी एक वस्तू ओट्यावर ठेवा. तिच्याबद्दल लिहा. हा गृहपाठ. वही तपासली जाईल.

---

हिंग_मोहरी | ९:१०

मास्तर, छत्र्यांवर हसले. पण फाटकाबद्दल लिहायचं तर ते तिरकं कसं लिहू? काही गोष्टी समोरूनच सांगायला लागतात.

---

प्रा_फळा | ९:१९

बरोबर आहे. तुम्ही ती दुपारी सांगितलीतही. माझा नियम तुम्हाला लागू नाही.

---

चाफेकळी | मंगळवार, रात्री ११:३०

मास्तर, वही आणली आहे. पाचशे शब्द नाहीत.

ओट्यावर एक स्टीलचा डबा ठेवला. अर्धा किलो रवा मावेल एवढा. झाकण इतकं घट्ट की सुरीच्या मुठीने उचकटावं लागतं. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, ‘सौ. कु. दे. १२-५-८४’. ही अक्षरं माझी नाहीत, तारीखही आमच्या घरातली नाही.

आम्ही २००३ पर्यंत खारकर आळीत चाळीत राहायचो. शेजारच्या काकूंनी या डब्यातून साटोऱ्या पाठवल्या होत्या. आमच्या सासूबाईंचा कायदा होता, कुणाचं भांडं रिकामं परत जायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. त्या आठवड्यात आमची बांधाबांध चालू होती, घरात सगळं खोक्यांत. मी म्हटलं, नव्या घरी गेल्यावर काहीतरी चांगलं करून देऊ. डबा आमच्या टेम्पोतून नौपाड्यात आला. मग त्यात रवा पडला. सासूबाई गेल्या, तोपर्यंत अधूनमधून विचारायच्या, “तो डबा दिलास का?”

२०२१ च्या एप्रिलमध्ये काका गेले, कोविडने. तेव्हा कुणीच कुठे जाऊ शकत नव्हतं, मीही गेले नाही, त्याबद्दल मला कुणी बोल लावणार नाही. पण फोन? पहिल्या दिवशी वाटलं, त्यांच्याकडे आता फोनवर फोन असतील. आठवड्याने वाटलं, आता काय बोलू. महिन्याने वाटलं, आता कुठल्या तोंडाने. मग जमलंच नाही. चाळ पाडली, पुनर्विकासात टॉवर होतोय, काकू मुलीकडे कोलशेतला असतात हे कानावर आलं. नौपाड्यातून रिक्षाने फार तर अर्धा तास.

तो वकील बाईंचा निबंध डोक्यातून का जात नव्हता ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इथे विचारलं मात्र ‘निबंध कसा लिहायचा’ म्हणून. माफ करा.

---

बोरकूट | ११:४२

ताई.

---

खारीगावकर | ११:५०

चार वर्षांनी गेलात तरी चालतं. आमच्याकडे एकजण सहा वर्षांनी आले होते. आईने आधी रागावून घेतलं आणि मग जेवायला थांबवलं.

---

शेवटचा_डबा | बुधवार, सकाळी ९:०५

आज सरकलो. कळवायचं होतं म्हणून लिहिलं.

---

हिंग_मोहरी | १०:२०

मी वर मोडता घातला होता तो मागे घेत नाही. पण चाफेकळी, तुला कुणी मागे ओढणारं नाहीये. कोलशेत माझ्या रस्त्यावरच आहे, सोबत हवी तर सांग. वर येणार नाही, खाली थांबेन.

---

चाफेकळी | १०:४८

रविवारी सकाळी जाते. सोबत ये. वाचनाला दांडी मारते आहे, निबंध काकांकडे देऊन ठेवीन.

आता खरा प्रश्न: डब्यात काय घालू?

---

ठाणेकरीण | १०:५५

नारळाच्या वड्या. टिकतात आणि साटोऱ्यांची बरोबरी करायला जात नाहीत.

---

दशमान | ११:०२

वय बघता गोड चालतं का ते मुलीला आधी विचारा. नसेल चालत तर मेथीचे खाकरे. बिल कुणी भरलं ते विचारणार नाही.

---

गवती_चहा | ११:०४

डब्यात मिसळ नको.

---

निरीश्वर | ११:३०

चिमूटभर साखर घाला. सासूबाईंच्या कायद्यात बसतं. (जादूगाराचा निबंध वाचला. मान्य आहे, चांगला आहे.)

---

प्रा_फळा | दुपारी १२:१०

आधी त्यातला रवा काढा. – आजचा सुविचार.

---

चाफेकळी | १२:३५

काढला. पाव किलो निघाला, निम्म्याला जाळी. डबा चिंचेने घासून उन्हात ठेवलाय.